दंडनोंदींतील वंशशोध : वऱ्हाडातील पारधी कुटुंबे

शिक्षा, पाळत किंवा सक्तीची वसाहत यांसाठी शासनाने ठेवलेल्या नोंदींच्या आधारे एखाद्या कुटुंबाच्या मागील पिढ्या निश्चित करणे, यास दंडनोंदींतील वंशशोध म्हणता येईल. वतनदार घराण्यांजवळ सनदा व महजर असतात, कुणब्याजवळ जमिनीचे उतारे असतात आणि यात्रेकरूंची नावे तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडतात. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नसते, अशा भटक्या कुटुंबांच्या पूर्वजांचे नाव कागदावर प्रथम येते ते बहुधा पोलिसांच्या किंवा तुरुंगाच्या वहीत. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत राहणाऱ्या फासेपारधी, टाकणकर व त्यांच्याशी संबंधित गटांच्या बाबतीत असेच घडले. ज्या नोंदीने त्यांच्यावर कलंक लादला, तीच नोंद आज त्यांच्या वंशजांना आपले मूळ सिद्ध करण्यासाठी शोधावी लागते.

ऑस्ट्रेलियातील पूर्वोदाहरण : या प्रकारचा वंशशोध सर्वांत विस्तृत प्रमाणावर झाला तो ऑस्ट्रेलियात. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने सुमारे १,६२,००० दंडितांना तेथे पाठविले. प्रत्येक जहाजाबरोबर कैद्यांची यादी जाई. तीत नाव, वय, धंदा, गुन्हा, खटल्याचे ठिकाण व शिक्षेची मुदत दिलेली असे. वसाहतीत पोचल्यावर हजेरीपत्रके, नेमणुकीच्या याद्या, सवलतीचे परवाने व मुक्ततेचे दाखले यांची भर पडे. १८२८ मध्ये न्यू साउथ वेल्सची शिरगणती झाली. व्हान डीमेन्स लँड (सांप्रतचे टास्मानिया) येथील वर्तणूक-वह्यांत तर कैद्याची उंची, डोळ्यांचा रंग व अंगावरील खुणाही टिपलेल्या आढळतात. पुढील दोन-तीन पिढ्यांत हा वारसा लपविण्याची प्रवृत्ती होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पालटली आणि दंडित पूर्वज सापडणे ही अभिमानाची गोष्ट ठरू लागली. ह्या नोंदींचा काही भाग २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती-पटात समाविष्ट झाला.

वऱ्हाडातील नोंदींशी ह्यांची तुलना करता एक मूलभूत भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. ऑस्ट्रेलियास गेलेल्या मनुष्यावर न्यायालयात खटला चाललेला असे. त्याचा गुन्हा लहान असला, तरी तो त्याचा स्वतःचा असे. शिवाय शिक्षा संपल्यावर तो मुक्त होई व त्याची मुले जन्मतः मुक्त असत. हिंदुस्थानातील गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली नोंद होण्यास खटल्याची आवश्यकता नव्हती. अधिसूचित जमातीत जन्म होणे एवढे त्यास पुरे होई.

हिंदुस्थानातील दंडनोंदींची परंपरा : गुन्हा हा कुळातून चालत येतो, ही कल्पना ब्रिटिश प्रशासनात ठगांच्या बंदोबस्ताच्या वेळी दृढ झाली. विल्यम स्लीमन यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रामसीयाना या ग्रंथात ठगांच्या कुटुंबांच्या वंशावळी जोडलेल्या आहेत. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून त्या तयार करण्यात आल्या होत्या. शासनाने दंडव्यवस्थेसाठी मुद्दाम रचलेल्या वंशावळींचे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय. जबलपूर येथे अशा साक्षीदारांना व त्यांच्या कुटुंबीयांना उद्योगशाळेत डांबून ठेवण्यात आले. मुलांनी स्वतः काही केलेले नसताही तीही त्या आवारातच वाढली.

समुद्रापार पाठविण्याच्या शिक्षेची नोंद निराळी असे. मुंबई इलाख्यातून दंडितांना मॉरिशस व सिंगापूर येथे आणि १८५८ नंतर अंदमानात पाठविले जाई. १० मार्च १८५८ रोजी अंदमानात दंडवसाहत सुरू झाली. तेथे चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यास काही वर्षांनी परवाना मिळे, शेती करता येई व विवाहही करता येई. अशा कुटुंबांच्या संततीपासून तेथील ‘स्थानिक जन्माचा’ समाज निर्माण झाला. मूळ गावाशी असलेला त्याचा दुवा मात्र दोन टोकांच्या कागदांवर अवलंबून राहिला : शिक्षा देणाऱ्या जिल्ह्याचा कागद आणि पोर्ट ब्लेअरचा कागद. १९४२ ते १९४५ या जपानी अंमलात तेथील बरीच कागदपत्रे नष्ट झाल्याने दुसरे टोक अनेकदा हाती लागत नाही.

गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ मध्ये झाला व तो प्रथम उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांना लागू करण्यात आला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढविली आणि १९२४ च्या कायद्याने आधीच्या तरतुदी एकत्र केल्या. एखादी जमात अधिसूचित झाली, की तिच्या व्यक्तींची नोंदवही तयार करण्याचा, त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा, त्यांना ठराविक वेळी हजेरी द्यावयास लावण्याचा आणि मुक्काम बदलण्यापूर्वी वर्दी देणे भाग पाडण्याचा अधिकार सरकारला मिळे. अधिसूचनेच्या वैधतेस न्यायालयात आव्हान देता येत नसे. जमातीस वसाहतीत डांबता येई व ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढता येई. विवक्षित गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाल्यास किमान सात वर्षांची कैद व तिसऱ्यांदा झाल्यास जन्मठेप काळे पाणी, अशी तरतूद होती. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर इ. ठिकाणी वसाहती स्थापन झाल्या. सोलापुरातील त्या भागास लोक अद्यापही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात.

वऱ्हाडाची प्रशासकीय पार्श्वभूमी : वऱ्हाडातील शोधात पहिली अडचण उद्‍भवते ती प्रदेशाच्या विशिष्ट राजकीय स्थानामुळे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. तथापि त्यावरील निजामाचे नाममात्र स्वामित्व कायम राहिले. १९०२ मध्ये इंग्रजांनी ते कायमच्या पट्ट्याने घेतले व १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडले. तांत्रिक दृष्ट्या वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे ब्रिटिश कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. त्यांसाठी वेगळी अधिसूचना निघावी लागे. यास्तव एखादी जमात कोणत्या तारखेपासून व कोणत्या जिल्ह्यात कायद्याच्या कक्षेत आली, हे गृहीत न धरता अधिसूचनेवरूनच ठरवावे लागते. शेजारच्या नगर किंवा खानदेश जिल्ह्याची तारीख वऱ्हाडास लावणे चुकीचे ठरते.

दुसरी अडचण जिल्ह्यांच्या फेररचनेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात अमरावती, एलिचपूर, वणी, अकोला, बुलढाणा व वाशीम असे सहा जिल्हे होते. १९०५ मध्ये त्यांचे चार करण्यात आले. एलिचपूर अमरावतीत व वाशीम मुख्यतः अकोल्यात विलीन झाले. मूर्तिजापूर तालुका अमरावतीतून अकोल्यात गेला. वाशीम १९९८ मध्ये पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे मूर्तिजापूरकडील कुटुंबाचा १८९० च्या सुमाराचा कागद अमरावतीच्या दप्तरात व १९१५ चा अकोल्याच्या दप्तरात असू शकतो. प्रांतही बदलत गेले. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, १९६० पर्यंत द्वैभाषिक मुंबई राज्यात व नंतर महाराष्ट्रात राहिला. परिणामी १९०३ पूर्वीचा वरिष्ठ पत्रव्यवहार हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या दप्तरात आणि पुढचा मुख्यतः नागपूरच्या दप्तरात पाहावा लागतो.

पारधी व त्यांचे पोटभेद : फासे टाकून तितर, लावा, हरिण इ. पकडणारे ते फासेपारधी. चित्त्याच्या साहाय्याने शिकार करणारे चितापारधी, लंगोटीवर राहणारे लंगोटी पारधी आणि गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावणारे ते टाकणकर. ही नावे व्यवसायावरून वा वेशावरून पडली असल्याने एकाच कुटुंबास दोन पिढ्यांत दोन नावे मिळणे अशक्य नव्हते. घरात त्यांची गुजरातीशी नाते सांगणारी बोली होती. ग्रीअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात तिची दखल घेतलेली आहे. मेजर गन्थॉर्प यांनी १८८२ मध्ये मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्य प्रांत यांतील तथाकथित गुन्हेगार जमातींवर पुस्तक लिहिले, तर रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडी ग्रंथात पारध्यांवर स्वतंत्र लेख आला. पहिला ग्रंथ पोलीस अधिकाऱ्याच्या गरजेतून व दुसरा मानवशास्त्रीय जिज्ञासेतून लिहिला गेला. परंतु दुसऱ्याने पहिल्याच्या आधारे पुष्कळ माहिती घेतली. त्यामुळे पोलिसांचे मत पुढे शास्त्रीय वर्णन म्हणून रूढ झाले. वंशशोधकाने ह्या ग्रंथांतून पोटभेदांची नावे व भटकंतीचे प्रदेश घ्यावेत. स्वभाववर्णने मात्र पुरावा म्हणून घेऊ नयेत.

फासेपारध्यांच्या उपजीविकेचा संकोचही कागदपत्रांत प्रतिबिंबित झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसाची लागवड वाढली, माळराने नांगराखाली आली व १८८६ च्या वऱ्हाड वनकायद्याने राखीव जंगलांतील प्रवेशावर निर्बंध आले. कालपर्यंतची शिकार हा वनगुन्हा ठरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलीसुरली शिकारही बंद झाली. त्यामुळे कुटुंबाचा माग काढताना वनखात्याच्या दंडाच्या नोंदीही पाहाव्या लागतात.

नोंदींचे प्रकार : शोध आजच्या पिढीपासून मागे नेणे हीच सुरक्षित पद्धत होय. पहिला टप्पा शाळेच्या दाखल-खारीज वहीचा. तीत मुलाचे व बापाचे नाव, जात, जन्मतारीख व गाव असते. पारध्यांची मुले शाळेत उशिरा आल्याने ह्या नोंदी बहुधा एक-दोन पिढ्यांपलीकडे जात नाहीत.

दुसरा टप्पा कोतवाल बुकाचा. मध्य प्रांत व वऱ्हाडात गावातील जन्ममृत्यूंची नोंद कोतवालामार्फत होऊन ती ठाण्यात जाई. विदर्भातील वंशशोधात या वहीइतके उपयुक्त दुसरे साधन नाही. कारण तीत बापाचे नाव व जात ह्या दोन्ही गोष्टी एका ओळीत येतात. परंतु गावाच्या शिवाराबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबातील जन्म कोणत्या गावच्या वहीत लिहिला जाईल, हे निश्चित नसते. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत कुटुंबे दूरवर पांगली. तेव्हा जन्म एका तालुक्यात व मृत्यू दुसऱ्यात असे घडणे साहजिक होते. एका गावच्या वहीवर न थांबता कुटुंबाच्या वार्षिक फिरतीच्या वाटेवरील गावांच्या वह्या क्रमाने पाहाव्या लागतात. त्या वाटा घरच्या वृद्धांनाच ठाऊक असतात.

तिसरा टप्पा पोलिसांच्या नोंदींचा. अधिसूचित जमातींची नोंदवही, संशयितांची इतिहासपत्रके, हजेरी व परवान्यांचे कागद आणि १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०९ व ११० खाली चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितल्याचे खटले यांचा त्यात समावेश होतो. १०९ व ११० खालील कारवाई विशिष्ट गुन्ह्याबद्दल नसून ‘उपजीविकेचे साधन सांगता न येणे’ किंवा ‘सराईत म्हणून लौकिक असणे’ यांबद्दल असे. तेव्हा अशा कागदावरून पूर्वजाने चोरी केली असे अनुमान काढता येत नाही. त्या दिवशी तो त्या ठाण्याच्या हद्दीत होता, त्याच्या बापाचे नाव अमुक होते व अधिकाऱ्याने त्याची जात अमुक लिहिली, एवढेच त्यावरून सिद्ध होते. वंशशोधास मात्र नेमके तेवढेच पाहिजे असते.

चौथा टप्पा तुरुंगाच्या वह्यांचा. तेथे कैद्याचे नाव, बापाचे नाव, जात, वय, गाव, शिक्षा व अंगावरील खुणा असतात. गोंदण, जुना व्रण किंवा कान टोचल्याची खूण यांवरून नामसाधर्म्य असलेल्या दोन व्यक्ती वेगळ्या ओळखता येतात. व्हान डीमेन्स लँडच्या वर्तणूक-वह्यांचा उपयोग तेथील संशोधक असाच करतात.

खानेसुमारीचा उपयोग मर्यादित आहे. वऱ्हाडाची पहिली खानेसुमारी १८६७ मध्ये व पुढची १८८१ मध्ये झाली. १८८१ चा अहवाल किट्स यांनी लिहिला. त्यांत जातींची संख्या मिळते, व्यक्तींची नावे मिळत नाहीत. अकोला (१९१०) व अमरावती (१९११) यांच्या जिल्हा गॅझेटिअरांबाबतही हेच म्हणता येईल. एखादा पोटभेद त्या काळी त्या भागात होता किंवा नाही, एवढे ठरविण्यापुरते त्यांचे महत्त्व आहे.

नावांचा प्रश्न : भोसले, पवार, चव्हाण, सोळंके ही पारध्यांतील आडनावे मराठा व अन्य समाजांतही आढळतात. म्हणून आडनावावरून काहीच सिद्ध होत नाही. जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसतेच. नाव व बापाचे नाव एवढेच असते. बोलीतील नाव मराठी कारकुनाने ऐकून मोडीत वा बाळबोधीत लिहिले, त्यावरून इंग्रज अधिकाऱ्यासाठी ते रोमन लिपीत गेले व तेथून पुन्हा देवनागरीत आले. या तीन फेऱ्यांत त्याचे रूप ओळखू न येण्याइतके पालटू शकते. ह्याचा ठळक नमुना खुद्द अनुसूचित जमातींच्या यादीत आढळतो. जुन्या ग्रंथांतील ‘लंगोटी पारधी’ हे नाव यादीत ‘लांगोली पारधी’ असे छापलेले आहे. एका अक्षराच्या अशा फरकाने प्रौढ नावाचा अर्थच नाहीसा होतो.

नोंदवह्यांत प्राधान्याने प्रौढ पुरुष येतात. स्त्रिया क्वचित येतात व आल्या तरी कोणाची पत्नी वा आई म्हणून येतात. त्यामुळे कागदावरची वंशावळ एकांगी राहते. आईकडील कूळ, सोयरिकी व जातपंचायतीत मिटलेले तंटे यांची माहिती मौखिक परंपरेतूनच मिळवावी लागते. कुळाची देवी, तिचे देवघर कोणत्या भावाकडे गेले आणि तिला बोकड चालतो की महिष, यांवरून दोन कुटुंबे एका कुळाची आहेत किंवा नाहीत, हे घरची मंडळी निश्चितपणे सांगू शकतात. कागद तारीख देतो व स्मृती नाते देते. दोहोंचा मेळ बसेल तेथेच निष्कर्ष पक्का मानावा.

पुराव्याचे वर्तमान मूल्य : स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीच्या अहवालास अनुसरून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला व ह्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. तथापि सराईत गुन्हेगारांविषयीच्या प्रांतिक कायद्यांमुळे पाळत पूर्णपणे संपली नाही. सवलतींच्या दृष्टीने पारध्यांची विभागणी झाली. पारधी, फासेपारधी, चितापारधी, शिकारी, टाकणकर इ. नावे महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत एका नोंदीखाली आहेत; पालपारधी व राजपारधी ही नावे मात्र विमुक्त जातींत येतात. १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी विदर्भातील बहुतेक अनुसूचित जमातींची मान्यता ठराविक तहसिलांपुरती होती. अमरावती जिल्ह्यात ती मेळघाटापुरती असे. क्षेत्राचा प्रश्न इतर जातींतही दिसतो. उदा., कैकाडी ही जात अकोला, अमरावती व विदर्भाच्या अन्य जिल्ह्यांत अनुसूचित जातींत मोडते, तर राज्याच्या उर्वरित भागात ती विमुक्त जात आहे. अशा स्थितीत पणजोबा नेमके कोठे राहत होते, हा केवळ जिज्ञासेचा प्रश्न राहत नाही.

महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० व विमुक्त जातीच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ ह्या तारखांच्या संदर्भात कुटुंबाचे वास्तव्य पाहिले जाते. पडताळणीत संविधानपूर्व कागदास अधिक पुरावामूल्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. शेतकऱ्यास असा कागद तलाठ्याकडे मिळतो. ज्याच्या आजोबाला गावात घर बांधू दिले गेले नाही, त्याच्याजवळ तो नसतो. त्यास १९५० पूर्वीचा कागद सापडलाच, तर तो ठाण्याच्या, न्यायालयाच्या किंवा तुरुंगाच्या दप्तरातील असण्याचा संभव अधिक. शिक्षणाची वा नोकरीची जागा मिळविण्यासाठी आजोबांची इतिहासपत्रके शोधण्याचा प्रसंग नातवावर येतो, तो यामुळे.

ह्या नोंदींच्या वापरात काही मर्यादा पाळणे आवश्यक आहे. इतिहासपत्रकांतील मजकूर आजही एखाद्या जिवंत कुटुंबास अपायकारक ठरू शकतो. यासाठी वंशावळ मांडताना नाव, नाते, स्थळ व काळ घ्यावा आणि आरोप वेगळे ठेवावेत, हे इष्ट. जुन्या वह्या जीर्ण झाल्या म्हणून निकालात काढण्यापूर्वी त्यांच्या प्रती करून ठेवणे हेही तितकेच निकडीचे आहे. कारण एक वही गेल्यास काही कुटुंबांचा एकमेव लेखी पूर्वज नाहीसा होतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदावर निर्णय देताना कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. ज्या रकान्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या माणसाकडे संशयाने पाहिले गेले, त्याची अखेर ह्या निर्णयाने झाली. पुढील काळातील कोणत्याही पारध्याचा वंश तुरुंगाच्या वहीतून शोधावा लागू नये, हेच न्याय्य होय. मात्र त्यापूर्वीच्या वह्यांतील तो रकाना जपला गेला पाहिजे. ज्या समाजाचे अन्य कागद कोणी केलेच नाहीत, त्याच्या नातवंडांचा हक्क त्या एका ओळीवर अवलंबून आहे.